मैदानाची वही

फक्कीला त्याच्या खऱ्या नावाने हाक मारणारं माणूस आता शहरात उरलं नव्हतं. मैदानावर रेषा मारायच्या पांढऱ्या पुडीला फक्की म्हणतात, आणि ती मारणाऱ्यालाही लोकांनी फक्कीच करून टाकलं होतं. लहान पोरं 'फक्कीकाका' म्हणायची, मोठी नुसतंच 'फक्की'. एकतीस वर्षं तो सकाळी साडेपाचला दोरी, खुंट्या आणि फक्कीची गाडी घेऊन मैदानात उतरत आला होता. त्याच्या भुवया वयाने पांढऱ्या झाल्या की पुडीने, हे बायकोलाही सांगता आलं नसतं. पालिकेच्या कागदावर तो 'मैदान सेवक' होता. त्या शब्दाचा त्याला राग यायचा. "सेवक म्हणे! मी काय मैदानाचे पाय चेपतो?" असं तो म्हणायचा. खरं तर तो तेच करत होता.

मैदान मुळात मैदान नव्हतंच. फार पूर्वी तिथे वीटभट्टीवाल्यांनी माती उकरून उकरून केलेला खड्डा होता. भट्ट्या गेल्या, खड्डा राहिला, आणि शहराने आपला सगळा राडारोडा त्यात आणून ओतला. पडलेल्या घरांच्या भिंती, फुटक्या कपबश्या, औषधांच्या बाटल्या, जे नको ते सगळं. मग वर मातीचा थर पसरला आणि कुणीतरी म्हणालं, खेळू देत पोरांना. तेव्हापासून पोरं खेळत होती आणि जमीन अजूनही विटांचे तुकडे वर ढकलत होती. फक्की रोज सकाळी बादली घेऊन ते वेचायचा. एकदा त्याला अख्खी बशी मिळाली, निळ्या फुलांची, टवकाही न उडालेली. ती त्याच्या बायकोने घासून घरात ठेवली होती आणि तिच्यात ती साबण ठेवायची.

घर म्हणजे प्रेक्षकांच्या पायऱ्यांखालच्या दोन खोल्या. पायऱ्या वर चढतात तसं छतही चढायचं. त्यामुळे एका भिंतीशी ताठ उभं राहता यायचं आणि दुसऱ्या भिंतीशी मांजरालाही वाकावं लागायचं. नवा पाहुणा आला की तो डोकं आपटून घेणारच, हे ठरलेलं. संध्याकाळी फुटबॉलचा सामना असला आणि गोल झाला, की वरची माणसं पाय आपटायची आणि छतातून चुन्याचा भुगा खाली चहात पडायचा. बायको आतूनच विचारायची, "कोणी मारला?" एकतीस वर्षांत तिने एकही सामना डोळ्यांनी पाहिला नव्हता, पण निकाल तिला कधी विचारावा लागला नाही. भुगा किती पडला त्यावरून तिला कळायचं.

ही नोकरी फक्कीला सासऱ्यांकडून मिळाली. त्याआधी सव्वीस वर्षं तेच इथे होते. त्यांना सगळं शहर 'मामा' म्हणायचं, जावईही मामाच म्हणायला लागला. जमीन दाबायचा रूळ, वही आणि लेक या तिन्ही गोष्टी मामांनी त्याच्या गळ्यात एकाच वर्षात घातल्या. देताना स्वच्छ सांगितलं, "रूळ डावीकडे ओढतो. लेक तोंडाची फटकळ आहे. आणि वहीत रोजचं लिहायचं नाही."

वहीचं असं होतं की मामांना पालिकेने एकदा एक जाडजूड, कापडी पाठीची नोंदवही दिली होती. वरती छापलेलं होतं, 'मैदानाच्या वापराची नोंद'. ती कशी भरायची हे कुणी सांगितलं नाही. मामांनी स्वतःच नियम केला. "आपण रोज श्वास घेतो, त्याची नोंद ठेवतो का? मग खेळाची कशाला? मैदान खेळायलाच आहे. खेळाव्यतिरिक्त कोणी घुसलं, तर ते लिहायचं. किती दिवस राहिले आणि जाताना काय मोडून गेले, तेही लिहायचं. म्हणजे नंतर कोणी म्हणायला नको, की खड्डे आपल्यामुळे पडले." फक्कीला ते पटलं. पटण्यासारखंच होतं. मामांच्या चार वह्या आणि फक्कीच्या पाच, अशा नऊ वह्या उतरत्या छताखाली, जिथे माणूस मावत नाही तिथे, एकावर एक रचलेल्या होत्या.

नोटीस लागली तेव्हा ती चिकटवायला खळ फक्कीनेच करून दिली. पालिकेचा माणूस कागद घेऊन आला आणि खळ आणायला विसरला. फक्कीला वाटलं, पाण्याच्या वेळेची नोटीस असेल. त्याने बायकोकडून पिठाची खळ शिजवून घेतली, फाटकावर स्वतः हात फिरवून कागद नीट बसवला, एक सुरकुती राहू दिली नाही. मग मागे सरकून वाचला. भूखंडाचा खेळासाठी वापर होत असल्याचं आढळत नाही, सबब खेळाचं आरक्षण उठवून तिथे वाहनतळ आणि दुकानांची इमारत बांधण्याचं योजलं आहे. हरकत असल्यास पुराव्यासह सुनावणीस हजर राहावं.

त्याने तीनदा वाचला. मागे मुलींच्या शाळेचा हॉकीचा सराव चालू होता. एक चेंडू येऊन फाटकावर, बरोबर त्या कागदाखाली आदळला.

"आढळत नाही म्हणे!" बायको म्हणाली. "आंधळ्यांना पाठवलं होतं का बघायला?"

हरकत घ्यायला सगळेच तयार झाले. पुढाकार घेतला तो शिट्टीसरांनी. हे शाळेतून निवृत्त झालेले खेळाचे शिक्षक. गळ्यातली शिट्टी त्यांनी निवृत्तीनंतरही काढली नव्हती आणि बोलताना मुद्दा आला की ते ती वाजवतील अशी समोरच्याला धास्ती वाटायची. वकील म्हणून मिळाली ती याच मैदानावर वाढलेली मुलगी. शाळेत असताना ती आठशे मीटर पळायची आणि वळणावर हमखास आतली रेषा पुसायची. फक्की मागून ओरडायचा, "रेषेवरून नको गं बये!" आता ती काळा कोट घालून कचेरीत उभी राहायची आणि लोक तिला वकीलबाई म्हणायचे.

पहिल्या सुनावणीत असं दिसलं, की पुरावा नावाची वस्तू कुणाकडेच नाही. शाळेला मैदान वापरायची परवानगी होती, पण तोंडी. फुटबॉलचे संघ गल्लीतले. त्यांची नावं दर दोन वर्षांनी बदलायची, नोंदणी बिंदणी कुणी केली नव्हती. फोटो होते, ढीगभर होते. सगळ्यांत चेहरे, करंडक आणि मागे भिंत.

सुनावणीचे साहेब सभ्य माणूस होते. त्यांनी एकेक फोटो हातात घेऊन पाहिला. "यात भिंत दिसते," ते म्हणाले. "मैदान कुठे आहे?"

मागच्या बाकावर कुणीतरी हसलं. आणि शिट्टीसरांना राहवलं नाही. ते उठले. "साहेब, फोटोचं सोडा! सत्तावन्न वर्षांची लेखी नोंद आहे आमच्याकडे. पालिकेच्याच वहीत. रोजची! हा माणूस रोज लिहितो, मी डोळ्यांनी बघतो!" आणि त्यांनी फक्कीच्या खांद्यावर थाप मारली.

शिट्टीसरांनी फक्कीला लिहिताना पाहिलं होतं हे खरं. काय लिहितो हे त्यांनी कधी पाहिलं नव्हतं. पण त्यांना तरी काय बोलायचं? थाप पडली तेव्हा फक्कीनेही छाती फुगवून मान हलवली होती. त्याच्या डोक्यात मैदान म्हणजे खेळ, आणि वही मैदानाची. आत काय आहे हा प्रश्नच त्याच्या मनात आला नाही.

साहेबांनी लिहून घेतलं. समोरच्या बाजूचे वकील होते, गुळगुळीत आवाजाचे, त्यांनीही लिहून घेतलं. "सर्व वह्या पंधरा दिवसांत हजर करा," साहेब म्हणाले. "वकिलांमार्फत. एकही पान गाळू नका."

वह्या वकीलबाईच्या ऑफिसात न्यायला फक्कीने फक्कीचीच गाडी काढली. पेटी झटकून, वर गोणपाट टाकून, त्यावर नऊ वह्या. तरी कुठे तरी भोक होतंच. मैदानाच्या फाटकापासून वकीलबाईच्या जिन्यापर्यंत भर बाजारातून एक पांढरी रेषा उमटत गेली, आणि वाटेत ज्याने विचारलं त्याला फक्कीने सांगितलं, "मैदान वाचवायला चाललोय."

ऑफिस झेरॉक्सच्या दुकानावर होतं. खोलीत गरम कागदाचा वास होता.

"वकीलबाई, तुम्ही आधी मामांच्या बघा..."

"काका, बये म्हणा. तुम्ही मला 'तुम्ही' म्हणालात की आधीच हरल्यासारखं वाटतं." असं म्हणून तिने हसत मधलीच एक वही उघडली. मग ती वाचायला लागली. आधी मोठ्याने.

"सर्कस. अकरा दिवस. हत्ती दोन. दक्षिण टोकाला खड्डे चाळीस." ती हसली. पान उलटलं. "पुरातली माणसं. तेवीस दिवस. गवत पूर्ण गेलं. एक बाई बाळंत झाली, मुलगी." पान उलटलं. "हेलिकॉप्टर. पाच मिनिटं. पाव मैदानाची माती उडाली. मोठ्या माणसाची सभा. माणूस आला नाही. खड्डे तेवढेच."

फक्की खुर्चीत मागे रेलला. त्याला प्रत्येक खड्डा आठवत होता.

वकीलबाईचा आवाज हळू झाला. "मतमोजणीचा मंडप. खिळे दोन डबे वेचले... गाद्यांचं प्रदर्शन... साथीचा दवाखाना, चार महिने..." मग ती मनात वाचायला लागली आणि पानं भरभर उलटायला लागली. एक वही बाजूला, दुसरी उघडली. तीही बाजूला. खाली झेरॉक्सचं यंत्र एकसारखं खडखडत होतं.

"काका," ती म्हणाली, "खेळ कुठाय?"

"खेळ?" फक्की म्हणाला. "तो तर रोजचाच."

"मग लिहिलाय कुठे?"

"रोजचं कोण लिहितं?" तो म्हणाला, आणि म्हणता म्हणताच त्याच्या तोंडचं पाणी पळालं.

वकीलबाईने डोळे मिटले. मोठं नुकसान झालं की माणूस ओरडत नाही. तीही ओरडली नाही. "सत्तावन्न वर्षं," ती हळूच म्हणाली. "सत्तावन्न वर्षांत या मैदानावर सर्कस झाली, सभा झाल्या, गाद्या विकल्या. फक्त खेळ झाला नाही. असं लिहून ठेवलंय तुम्ही, स्वतःच्या हाताने. आणि आपणच भर सुनावणीत सांगितलं की ही रोजची नोंद आहे."

वह्या न देण्याचा मार्ग नव्हता. भर सुनावणीत कबूल केलं होतं, साहेबांनी लिहून घेतलं होतं. हजर करायला चार दिवस होते. तिने त्याला वह्या परत घरी नेऊ दिल्या. "प्रत्येक ओळ वाचा. एखादी तरी नोंद असेल. हॉकीची, शर्यतीची, कशाची तरी. चुकून लिहिलेली."

घरी बायकोने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "शिट्टीसरांना कुणी सांगितलं होतं उठायला? हात दाखवून अवलक्षण!" मग तिने वही उघडली आणि दोन नोंदींमधल्या कोऱ्या जागेवर बोट ठेवलं. "ही काय जागा पडलीये. लिहून टाका. फुटबॉल, हॉकी, काय हवं ते. तुमची वही, तुमचं अक्षर, पेनही तेच. आणि खोटं थोडंच आहे? झालेलंच लिहायचंय."

फक्कीने पेन घेतलं. दुपारची वेळ होती, मैदान रिकामं होतं. उभं राहता येतं त्या भिंतीशी टेबल ओढून तो बसला. सर्कस आणि पूर यांच्यामध्ये दोन बोटं जागा होती. तिथे तारीख घालायची म्हणून तो आठवायला लागला. त्या महिन्यात कोण खेळलं? कुणी जिंकलं? लाल बनियनवाले होते की ते मागचे? त्याला पोरं आठवत होती. गुडघे फुटलेली, हरल्यावर गोलाच्या खांबाला टेकून रडणारी. पण कुठलं पोर कुठल्या वर्षीचं, ते आठवेना. एकतीस वर्षांच्या संध्याकाळी मिळून त्याच्याकडे एकच संध्याकाळ उरली होती, तिला तारीख नव्हती. खरं ते लिहायचं होतं आणि खरं काय ते त्याला माहीत नव्हतं. खोटं लिहायला लागणारी अक्कल त्याच्याकडे कधीच नव्हती. तासाभराने त्याने पेनाला टोपण लावलं.

मग तो वाचायला बसला. एकेक ओळ, बोट ठेवून. तीन दिवस तो वाचत होता, मधून उठून पाणी मारायचा आणि परत येऊन बसायचा. तिसऱ्या दिवशी सातव्या वहीत त्याला आपल्याच अक्षरातली एक ओळ सापडली. तारखेपुढे लिहिलं होतं, 'आज खेळ बंद. मामा गेले.'

त्याला तो दिवस आठवला. तेवढा एक मात्र लख्ख आठवला. मामा सकाळीच गेले होते, खुर्चीत बसल्या बसल्या, हातात खुंटी. त्यांना मैदानाभोवती एक फेरी मारून नेलं. संध्याकाळी पोरं आली, दोन्ही संघ आले, पण चेंडू कुणी पिशवीतून काढलाच नाही. सगळी जणं मधल्या रेषेवर बसून राहिली, अंधारून येईपर्यंत. रेषा पुसली तर मामा रागावतील म्हणून पाय मागे घेऊन बसली होती. फक्कीने आत येऊन वही उघडली होती, कारण त्या दिवशी वेगळं झालं होतं. मैदानावर खेळ झाला नव्हता.

त्याने ओळ बायकोला दाखवली. तिने ओळीवरून बोट फिरवलं. "बाबांचं लिहिलं होतंत?" तिने विचारलं. मग तीच म्हणाली, "अहो, पण हाच पुरावा! एक दिवस बंद होता ते लिहिलंय, म्हणजे बाकीचे दिवस चालूच होता ना!"

फक्की तसाच चपला सरकवून वकीलबाईकडे पळाला. तिने ओळ वाचली, पुन्हा वाचली, आणि पोर असताना शर्यत जिंकल्यावर हसायची तशी हसली. त्या संध्याकाळी फक्कीला झोपायच्या आधी दोनदा भूक लागली. किती दिवसांनी घरात कुणी काही मागून खाल्लं, असं बायको म्हणाली.

दुसरी सुनावणी सकाळी अकराला होती. समोरच्या वकिलांनी वह्या वाचून काढल्या होत्या, आणि आवाज तर त्यांचा गुळगुळीत होताच. त्यांनी निवडून निवडून वाचलं. हत्ती, हेलिकॉप्टर, गाद्या. सभेची नोंद वाचली तेव्हा साहेबसुद्धा हसले. "इतकी प्रामाणिक वही मी पाहिली नाही," वकील म्हणाले. "हत्तींची संख्या आहे, खिळ्यांचे डबे आहेत. बाळंतिणीला काय झालं तेही आहे. असा माणूस खेळ झाला असता तर लिहायला विसरला असता का?" आपलेच दात आणि आपलेच ओठ. शिट्टीसरांनी शिट्टी मुठीत धरून ठेवली होती.

साहेबांनी फक्कीला पुढे बोलावलं. त्याने सगळं सांगितलं, मामांचा नियम, श्वासाचं उदाहरण, सगळं. न अडखळता सांगितलं. साहेबांनी मध्ये एकदाही तोडलं नाही.

"म्हणजे तुमचं म्हणणं असं," ते म्हणाले, "की वहीत आहे ते क्वचित घडलं, आणि वहीत नाही ते रोज घडलं."

"हो साहेब. अगदी तसंच."

"मग न लिहिलेलं मी वाचू कसं?"

तेव्हा वकीलबाईने ती ओळ दाखवली. साहेबांनी चष्मा लावून वाचली. चष्मा काढला. "हे अक्षर तुमचं?"

"माझंच."

"आणि मामा?"

"माझे सासरे. माझ्याआधी तेच होते इथे."

साहेबांनी ओळ पुन्हा एकदा वाचली. "चांगली माणसं होती म्हणायची," ते म्हणाले, आणि त्या ओळीखाली पेन्सिलीने बारीक रेघ मारली. फक्कीने ती रेघ पाहिली. बाहेर आल्यावर त्याने प्रत्येकाला सांगितलं, साहेबांनी ओळीखाली रेघ मारली. शिट्टीसरांना मिठी मारली, ज्यांच्याशी तो पंधरा दिवस बोलत नव्हता.

हुकूम बाराव्या दिवशी आला. तो मैदान सेवकाला द्यायची पद्धत नसते, पण वकीलबाई स्वतः घेऊन आली. आत येताना तिचं डोकं छताला आपटलं, लहानपणापासून शंभरदा आलेली असून. तिने वाचून दाखवलं. साक्षीपुराव्यात तथ्य असू शकेल, मात्र ते कागदावर आढळत नाही. 'सदर नोंदवहीत खेळ हा शब्द सत्तावन्न वर्षांत एकदाच येतो, आणि तोही खेळ बंद असा. ही नोंद मैदान सेवकाच्या स्वहस्ताक्षरातील असून ती त्याने मान्य केली आहे. सबब आरक्षण उठवण्यास हरकत दिसत नाही.'

"वर जाऊ आपण," वकीलबाई म्हणाली. "अजून एक कचेरी आहे." पण ती हे हुकुमाकडे बघून बोलत होती, त्याच्याकडे बघून नाही. मग ती रडायला लागली, आणि फक्कीच्या बायकोने तिच्या पाठीवरून हात फिरवला.

फक्की रडला नाही. त्याला मैदान गेल्याचं दुःख झालं, पण त्याहून वाईट एका गोष्टीचं वाटलं. मामांचा तो दिवस घरातला होता, सोळा वर्षं कोपऱ्यात नीट पडलेला होता. तो आपण उचलून कचेरीत नेला आणि त्यांच्या हातात दिला. बायकोने यावरून त्याला कधी एक शब्द ऐकवला नाही. फटकळ बाई गप्प बसते तेव्हा ते ऐकायला फार जड जातं.

त्याने दुसऱ्या दिवशी सकाळी साडेपाचला रेषा मारल्या. पोरं आली, खेळली. वरच्या कचेरीने अर्ज घेतला आणि स्थगिती दिली नाही. महिन्याभराने पत्रे आले, मैदानाभोवती दोन माणूस उंचीचे निळे पत्रे. मुलींची शाळा हॉकी सोडून कवायत करायला लागली, कारण कवायत शाळेच्या गच्चीवर होते. शिट्टीसर रोज सकाळी फाटकापर्यंत यायचे, पत्र्यावर हात ठेवायचे आणि परत जायचे. पुढे तेही यायचे थांबले.

फक्कीच्या निवृत्तीला दोन वर्षं होती. मैदान नाही आणि मैदान सेवक आहे, हे पालिकेलाही अवघड झालं. शेवटी त्याला बांधकामाच्या फाटकावर बसवलं. पायऱ्या पाडेपर्यंत खोल्या राहू दिल्या. वरती आता कुणी पाय आपटत नव्हतं, पण खोदाईचं यंत्र चाललं की छतातून भुगा पडायचाच. पहिल्या दिवशी बायकोने सवयीने आतून विचारलं, "कोणी मारला?" आणि लगेच तोंडावर पदर धरला.

बांधकामावरचा सुपरवायझर तरुण होता, अदबीने बोलायचा. त्याने फक्कीला नवी कोरी वही दिली. तारीख, वाहन, आत, बाहेर, शेरा असे रकाने छापलेले होते. "काका, एवढं मात्र सांभाळा," तो म्हणाला. "रोजचं सगळं लिहायचं. येईल ते, जाईल ते. काही सोडायचं नाही. नंतर प्रश्न येतात."

"कळलं," फक्की म्हणाला.

तो लिहू लागला. मातीचा ट्रक, आत, बाहेर. मातीचा ट्रक, आत, बाहेर. यंत्राने आधी गवत काढलं, मग माती, मग तो जुना राडारोडा लागला. विटा, बाटल्या, कपबश्यांचे तुकडे ट्रक भरभरून निघाले. एकतीस वर्षं बादलीने वेचलं तरी खाली एवढं शिल्लक होतं, हे पाहून फक्कीला हसू आलं. अडीच महिन्यांत खड्डा पुन्हा खड्डा झाला. फक्कीने एकही ट्रक सोडला नाही.

एके दिवशी दुपारी सुपरवायझर सह्या करायला आला. पानं चाळता चाळता थांबला. मागे गेला, पुढे आला. रोज, प्रत्येक तारखेला, पहिल्या ओळीत, शेऱ्याच्या रकान्यात एकच गोष्ट लिहिलेली होती. 'आज खेळ बंद.'

"हे काय काका?"

"रोजचं आहे साहेब," फक्की म्हणाला. "तुम्हीच म्हणालात ना, रोजचं सोडायचं नाही."

सुपरवायझर काहीतरी बोलणार होता, तेवढ्यात बाहेर ट्रकने हॉर्न दिला. त्याने घाईने प्रत्येक पानाखाली सही केली, शिक्का मारला आणि वही फक्कीच्या हातात देऊन फाटक उघडायला सांगितलं.